छावणीबाहेरचे बालपण : डॉ. आंबेडकरांच्या एका आठवणीचा विचार

१

मराठी आत्मपर वाङ्मयाचा विचार करताना आपण बहुधा दोन स्थळे गृहीत धरतो : गाव आणि शहर. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर जी दलित स्वकथने लागोपाठ पुढे आली, त्यांच्या समीक्षेत तर ही जोडी जवळजवळ रूढच होऊन बसली. एका टोकाला महारवाडा, दुसऱ्या टोकाला मुंबईतील चाळ किंवा वसतिगृह, आणि या दोहोंमध्ये ताणले गेलेले लेखकाचे आयुष्य, असे आपण म्हणतो. ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील महार समाजाच्या इतिहासात एक तिसरे स्थळही होते, आणि ते म्हणजे लष्कराची छावणी. तेथे जन्मलेल्या किंवा तिच्या संस्कारात वाढलेल्या मुलांच्या आठवणींचे स्वरूप कसे असते, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावयास हवा. प्रस्तुत लेखात तो एका सुपरिचित मजकुराच्या आधारे मांडावयाचा आहे. हा मजकूर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे इंग्रजी टिपण, आणि त्यातही त्याचे पहिले प्रकरण.

हे टिपण लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने छापले आणि १९९३ साली महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. लेखनकाळ सामान्यतः १९३५-३६ असा सांगण्यात येतो. तथापि शेवटच्या प्रकरणात मार्च १९३८ मध्ये मुंबईत भरलेल्या एका सभेचा उल्लेख असल्यामुळे, आज उपलब्ध असलेल्या रूपात ते त्यापूर्वी पूर्ण झालेले असणे शक्य नाही. हा मुद्दा केवळ कालनिर्णयाचा नव्हे. पहिल्या प्रकरणातील घटना १९०१ च्या सुमाराची आहे. म्हणजे घटना आणि लेखन यांमध्ये साडेतीन दशकांचे अंतर आहे, आणि प्रवास करणारे बालक व त्या प्रवासाचे निवेदन करणारा विद्वान या दोन व्यक्ती आपण वेगळ्या धरल्या पाहिजेत. निवेदकाने काय निवडले आणि काय वगळले, हे पाहणे हेच येथे समीक्षेचे काम होय.

वगळलेल्या गोष्टींत पहिली लक्षात येते ती स्वतः छावणी. लेखकाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. आजोबा मालोजी सकपाळ लष्करात होते. वडील रामजी सकपाळ सुभेदारपदापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आईचे माहेरही लष्करी पेशाचेच. तरीही या आठवणीत महूचे चित्र नाही. कवायतीचे मैदान नाही, बिगुल नाही, पलटणींच्या लाइनी नाहीत. याचे एक उघड कारण असे, की वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंबाने महू सोडले तेव्हा मूल अगदीच लहान होते. परंतु एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही. जी जागा आठवत नाही तीही आठवणीचा आकार ठरवू शकते, हे दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

२

छावणी म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर महूची छावणी वसली. नागपूरजवळची कामठी १८२१ ची. या वसाहती मुद्दामच जुन्या गावांपासून अलग ठेवलेल्या असत. तेथील रस्ते, पाणवठे, बाजार, इस्पितळ आणि शाळा यांवर गावच्या पाटलाची किंवा पंचांची सत्ता चालत नसे. तेथे लष्करी अधिकाऱ्याचा हुकूम चाले. शिपायाची जात विसरली जाई असे नव्हे. पण त्याची हुद्द्यावरून, पट्ट्यावरून आणि नोकरीच्या वर्षांवरूनही गणना होई, आणि गावात अशी दुसरी गणनाच नव्हती. कंपनीच्या सैन्यात शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते आणि त्यामुळे अस्पृश्य समाजात प्रथमच एक वाचणारा वर्ग तयार झाला, असे प्रतिपादन डॉ. आंबेडकरांनी आपल्या अन्य लेखनात केले आहे. रामजी सकपाळ हे त्या वर्गाचेच प्रतिनिधी होते. १९५६ साली 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत पुत्राने त्यांचे वर्णन केले आहे, तेही लष्करी अधिकारी आणि त्याचबरोबर अत्यंत धर्मशील गृहस्थ असेच. घरातील कडक शिस्त आणि नेमाने होणारे ग्रंथवाचन यांचा उल्लेखही तेथे येतो.

मात्र छावणीचे हे अलगपण कोणाच्या खर्चाने उभे होते, हेही विसरता येत नाही. त्यासाठी आपल्या विदर्भाचेच उदाहरण पुरे आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. या फौजेच्या छावण्या अचलपूर, हिंगोली, जालना अशा ठिकाणी होत्या. वणीच्या दक्षिणेस असलेले मुकुटबन हे काही छावणीचे गाव नव्हे. पण ज्या मुलखात ते आहे, त्याचा सारा अशा फौजेच्या नावे लावला गेला. शेतकऱ्याला छावणी ठाऊक होती ती साऱ्याच्या रूपाने, आणि छावणीतल्या मुलाला तो शेतकरी मुळीच ठाऊक नव्हता. छावणीची भिंत अशी दोन्ही बाजूंनी अपारदर्शक होती. तेव्हा तेथे मिळालेली वागणूक ही समाजाने मान्य केलेली समता नसून राज्यकर्त्यांच्या सोयीची व्यवस्था होती, आणि सोय बदलताच ती बदलणार होती.

तशी ती बदललीही. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त बळावला आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्जाचा मसुदा तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही तोच प्रश्न हाती घेतला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, ती युद्धानंतर मोडण्यात आली. आणि आजची महार रेजिमेंट स्थापन झाली ती १९४१ साली. याचा अर्थ असा, की आपल्या मजकुरातील बालक हे छावणीच्या त्या जुन्या परंपरेतील शेवटच्या पिढीचे आहे. त्याचा जन्म आत झाला, आणि त्याला समजू लागले तोवर दार बंद झाले होते.

३

महूनंतर कुटुंब दापोलीस आले. दापोली ही निवृत्त शिपायांची वस्ती. तिला लोक 'काँप दापोली' म्हणत, आणि तेथील पेन्शनर महारांना आपल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या होत्या. तेथून कुटुंब साताऱ्यास गेले. आई वारली होती. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर, खजिनदार म्हणून होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जाण्यासाठी हे बालक, त्याचा वडील भाऊ आणि मृत बहिणीची मुले आगगाडीने निघाली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर न्यावयास कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते. पुढील हकीकत सर्वांस ठाऊक आहे : स्टेशनमास्तरची विचारपूस, जात कळताच त्याचे मागे सरणे, कोणताही गाडीवान मिळेनासा होणे, अखेर दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एकाचे तयार होणे, आणि जवळ शिदोरी असूनही पाण्यावाचून काढलेली रात्र.

या प्रसंगाकडे अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून पाहिले जाते, आणि निवेदकाचा प्रकट उद्देशही तोच आहे. परक्या देशातील वाचकांना अस्पृश्यता ही प्रथा म्हणून ठाऊक असते, पण ती अंगावर कशी येते हे ठाऊक नसते. म्हणून सामान्य वर्णनापेक्षा प्रसंग सांगावे, असे तो आरंभीच ठरवितो. परंतु पुरावा म्हणूनच वाचत राहिल्यास प्रसंगातील काही तपशील अनावश्यक वाटू लागतात. मुलांचे कपडे कसे होते, हे एवढ्या बारकाईने सांगण्याचे कारण काय? विलायती बनावटीचे नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. यांतले काहीही अस्पृश्यता सिद्ध करण्यास लागत नाही. तसेच न्यावयास शिपाई येईल ही अपेक्षा, पैसे देऊन वाहन मिळवावे ही रीत, आणि सरकारी अंमलदाराशी बोलताना वाटणारा निःसंकोचपणा. हे सर्व मिळून एका विशिष्ट घराचे चित्र उभे करतात. ते गावकुसाबाहेरचे घर नव्हे, सुभेदाराचे घर आहे. स्टेशनमास्तर या मुलांना प्रथम ब्राह्मणाची मुले समजतो, ते या घराच्या खुणा वाचूनच.

या खुणांमध्ये सर्वांत बोलकी आहे ती भाषा. रात्री नाक्यापाशी पोचल्यावर गाडीवान सुचवितो, की मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागून पाहा. बालक नाकेदाराकडे जाते आणि त्याच्याशी उर्दूत बोलते. आपणास उर्दू चांगली येत होती, असे निवेदक सहजगत्या नमूद करतो. ती कोठून आली हे तो सांगत नाही. कोकणातील मूळ गाव आणि साताऱ्यातील मराठी शाळासोबती यांच्याकडून ती आली असण्याचा संभव थोडा. पलटणीतील व्यवहाराची भाषा हिंदुस्थानी होती, आणि जन्मापासून लष्करी असलेल्या कुटुंबातून ती मुलाकडे आली, असा तर्क करणे अधिक सयुक्तिक होय. 'उर्दू' हा शब्दच मुळी छावणी या अर्थाच्या तुर्की शब्दापासून आला आहे. म्हणजे ज्या छावणीचे चित्र या आठवणीत कोठेच नाही, ती येथे मुलाच्या तोंडून बोलते. आणि उत्तर काय मिळते? तुमच्यासाठी पाणी कोणी ठेवले आहे, हवे असेल तर डोंगरावर जाऊन आणा, अशा आशयाचे. छावणीने दिलेले शेवटचे नाणेही बाजारात खोटे ठरते.

४

येथे एका इंग्रजी कथेची तुलना उद्बोधक ठरेल. रुडयार्ड किपलिंग यांची 'वी विली विंकी' ही कथा १८८८ साली, म्हणजे आपल्या लेखकाच्या जन्मापूर्वी अवघी तीन वर्षे, प्रसिद्ध झाली. तिचा नायक वायव्य सरहद्दीवरील छावणीतील कर्नलचा सहा वर्षांचा मुलगा आहे. एका तरुणीस वाचविण्यासाठी तो हद्दीची नदी ओलांडतो आणि सशस्त्र टोळीवाल्यांच्या समोर येतो. तो त्यांच्याशी त्यांच्या बोलीत, हुकमी स्वरात बोलतो. आपण कर्नलसाहेबांचा मुलगा असल्याचे सांगतो. आणि टोळीवाले त्याच्यामागे असलेल्या पलटणीच्या धाकाने थबकतात. दोन्ही ठिकाणी लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा, दोन्ही ठिकाणी छावणीची हद्द ओलांडणे, दोन्ही ठिकाणी परक्याशी त्याच्या भाषेत संभाषण. पण विंकीच्या मागे पलटण चालत येते, सुभेदाराच्या मुलामागे कोणीच येत नाही. कर्नलचा हुद्दा छावणीबाहेर वाढतो. सुभेदाराचा हुद्दा पहिल्याच स्टेशनावर गळून पडतो. एक कल्पित कथा आहे आणि दुसरी घडलेली हकीकत, हा भेद मान्य करूनही असे म्हणता येईल, की साम्राज्याच्या छावणीत दोन प्रकारची बालपणे होती आणि वाङ्मयात त्यांतील एकाचीच गोडी वर्षानुवर्षे गायिली गेली.

५

आता या वाचनावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. छावणीच्या सुरक्षिततेत वाढलेल्या अजाण मुलाला बाहेरच्या जगाचा अकस्मात धक्का बसला, असे या प्रसंगाचे सुटसुटीत सूत्र मांडता येईल. परंतु मजकूर स्वतःच त्यास विरोध करतो. या घटनेपूर्वीही आपण अस्पृश्य आहोत हे आपणास ठाऊक होते, असे निवेदक स्पष्ट सांगतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्याचे नाव दाखल झाले होते. शाळेत बसण्यासाठी वेगळे गोणपाट, ते रोज घरी न्यावयाचे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. न्हावी केस कापीत नाही म्हणून ते काम बहिणीकडे. हे सारे बालकाने सोसलेले होते. मग मसूरच्या प्रवासात नवे ते काय घडले?

उत्तर असे, की शाळेतील अपमान हा एका स्थिर जागेचा नियम होता. त्याची मर्यादा ठाऊक होती, त्याभोवती दिनक्रम बसवता येत होता, आणि त्याच्या पलीकडे वडिलांचा हुद्दा, नीटनेटके घर व वाचनाचा अभिमान ही दुसरी गणना शिल्लक होती. प्रवासात ती दुसरी गणनाच रद्द झाली. वेष, पैसा, शिक्षण, भाषा, बापाची सरकारी नोकरी; छावणीच्या व्यवस्थेत ज्या ज्या गोष्टींनी माणसाची किंमत ठरे, त्या सर्व एकामागून एक पुढे करण्यात आल्या आणि एकामागून एक नाकारल्या गेल्या. प्रकरणाची रचना पाहिली, तर हा क्रम सहज दिसून येतो : स्टेशनावर वेष, गाडीतळावर पैसा, नाक्यावर भाषा. म्हणून हा अजाणपणाचा भंग नसून एका मोजमापाचा भंग आहे. वेदना अपमानाची आहेच. पण त्याहून खोल आहे ती आपले माप कोणीच धरीत नाही या शोधाची.

दुसऱ्या प्रकरणाने या वाचनास पुष्टी मिळते. युरोप-अमेरिकेतील वास्तव्यानंतर लेखक १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे ते सांगतात. बडोद्यात उतरावयास जागा नाही. तेव्हा पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहतात आणि काही दिवसांतच हाती काठ्या घेतलेला जमाव त्यांना बाहेर काढतो. घडण तीच आहे : आधी निराळे नियम असलेली एक वसाहत, मग बाहेरचा प्रवास, मग उसनी ओळख, आणि तिचे अपयश. न्यूयॉर्क आणि लंडन ही जणू दुसरी छावणीच. नऊ-दहा वर्षांचे बालक मुसलमान होऊन पाणी मागते, सव्वीस वर्षांचा पदवीधर पारशी होऊन आसरा मागतो. १९३४ सालच्या दौलताबादच्या प्रकरणात मात्र हा धागा बदलतो. किल्ल्यावरील हौदाच्या पाण्यावरून तंटा उभा राहतो, तेव्हा लेखक उसने नाव घेत नाहीत. अस्पृश्याने मुसलमान धर्म स्वीकारला तर त्यास या पाण्यापासून अडवाल काय, असा उलट प्रश्न ते समोरच्या मुसलमानांनाच करतात. नाक्यावरील मुलाने जी ओळख पांघरली होती, तिचीच आता उलटतपासणी होते. सुटे वाटणारे हे प्रसंग एका सूत्रात गुंफलेले आहेत, आणि त्या सूत्राचे पहिले टोक छावणीत आहे.

६

यावरून काही निष्कर्ष मांडता येतील. पहिला असा, की हे टिपण इंग्रजीत असले आणि त्याचा संबोधित वाचक परदेशी असला, तरी मराठी स्वकथनांच्या अभ्यासात त्याचे स्थान केवळ पार्श्वभूमीचे नाही. 'बलुतं', 'आठवणींचे पक्षी' किंवा 'उपरा' यांच्या शेजारी ते ठेवले, म्हणजे गाव-शहर या जोडीचे अपुरेपण ध्यानात येते. गावातून निघालेल्या लेखकाला अन्याय हा प्रारंभापासूनचा परिसर म्हणून भेटतो. छावणीच्या घरातून निघालेल्या लेखकाला तो करारभंग म्हणून भेटतो. पहिल्याच्या निवेदनात वर्णनाचा विस्तार अधिक. दुसऱ्याच्या निवेदनात पुराव्याची मांडणी, क्रम आणि साक्षीचा संयत स्वर. डॉ. आंबेडकरांच्या गद्याचा संयम त्यांच्या कायद्याच्या अभ्यासातून आला असे आपण म्हणतो, ते खरेच आहे. पण हुकूम, नियम आणि हक्काची भाषा त्या घरात त्याआधीच बोलली जात होती, हेही लक्षात घ्यावयास हवे.

दुसरा निष्कर्ष पद्धतीचा आहे. बालपणाच्या आठवणी वाचताना त्यांत काय आठवले आहे, एवढेच पाहून चालत नाही. जगाने आपल्याशी कसे वागावे ही अपेक्षा त्या मुलाने कोठे मिळविली, हे विचारले पाहिजे. वर्णन केलेल्या स्थळाइतकेच हे अपेक्षेचे स्थळ महत्त्वाचे असते, आणि ते पुष्कळदा मजकुराबाहेर राहते. त्याचा माग काढावयाचा तो कपड्यांसारख्या, पत्रासारख्या, एखाद्या जास्तीच्या भाषेसारख्या तपशिलांवरून.

महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले आणि जन्मस्थळी आज भव्य स्मारक उभे आहे. स्मारक जन्माची जागा दाखविते. मजकूर दाखवितो तो त्या जागेतून बाहेर पडण्याचा रस्ता. आपल्या विद्यार्थ्यांना या दिशेने पुढे जावयाचे असेल, तर कामठी फार दूर नाही. जयभीम या अभिवादनाशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) त्याच कामठीचे. तेथील जुन्या घरांत पलटणीच्या ज्या गोष्टी आजही सांगितल्या जात असतील, त्या लिहून घेणे आणि या टिपणाशेजारी ठेवून वाचणे, हे काम विभागाने हाती घेण्याजोगे आहे. ते करताना एवढी दक्षता मात्र बाळगावी, की छावणीला हरवलेला स्वर्ग मानू नये. तिने काही मुलांना ताठ उभे राहावयास शिकविले, हे खरे; आणि त्या ताठपणाला बाहेर जागा मिळेल याची जबाबदारी तिने कधीच घेतली नाही, हेही तितकेच खरे.